व्हिसाची पहिली खिडकी : विद्यापीठांच्या परीक्षा विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, कुलसचिव आणि संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : परदेशी शिक्षणासाठी व्हिसा काढणाऱ्या विद्यार्थ्यांची कागदपत्रे वेळेत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. परदेशात मास्टर्स करायला निघालेल्या मुलामुलींची कागदपत्रं बघायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. शिफारसपत्रं लिहिणं, फॉर्म तपासणं, बँकेच्या मॅनेजरशी बोलणं, मुलाखतीची तयारी करून घेणं, सगळंच त्यात येतं. त्या अनुभवावर हे पत्र लिहिते आहे. पत्र उघड लिहिण्याचं कारण एवढंच की हा प्रश्न एका विद्यापीठाचा नाही, आणि अर्ज-विनंत्यांनी एकेका मुलाचं काम झालं तरी पुढच्या वर्षी पुढचा मुलगा त्याच खिडकीपाशी उभा असतो.

व्हिसा मिळाला नाही की घरचे, गावचे सगळे दूतावासाला बोल लावतात. अमेरिकेच्या मुलाखतीत दोन मिनिटांत 214(बी) या कलमाखाली, म्हणजे शिकून परत येण्याची खात्री पटली नाही म्हणून, नकार मिळाला, तर तिथे तुम्ही किंवा मी काही करू शकत नाही. 2025 च्या मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या आणि जूनमध्ये समाजमाध्यमांची खाती तपासण्याच्या अटीसह पुन्हा सुरू केल्या, तेव्हाही आपल्या हातात वाट बघण्याखेरीज काही नव्हतं. पण माझ्यासमोरून गेलेल्या कितीतरी मुलांचा अर्ज दूतावासापर्यंत पोचलाच नाही. तो इथेच अडला. आठव्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर अडला, ट्रान्सक्रिप्टवर (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या एकत्रित अधिकृत उताऱ्यावर) अडला, प्रोव्हिजनल डिग्री सर्टिफिकेटवर (पदवीच्या तात्पुरत्या प्रमाणपत्रावर) अडला. हे तिन्ही कागद फक्त तुम्हीच देऊ शकता. जगात दुसरं कोणी देऊ शकत नाही.

हे कसं घडतं ते ब्रिटनच्या उदाहरणाने सांगते, कारण तिथे तारखांची साखळी फार घट्ट आहे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला तिथलं विद्यापीठ आधी सशर्त प्रवेश देतं. शर्त असते अंतिम निकालाची. निकाल आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट पाठवलं की प्रवेश पक्का होतो, फीचा पहिला हप्ता भरला की विद्यापीठ 'कॅस' नावाचा क्रमांक देतं, आणि तो क्रमांक हातात आल्याशिवाय व्हिसाचा अर्जच भरता येत नाही. दुसरीकडे राहण्या-जेवण्याचे पैसे विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग 28 दिवस पडून असावे लागतात, आणि त्या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधीच्या 31 दिवसांत यावा लागतो. म्हणजे पैसे आधीपासून खात्यात आणून ठेवायचे आणि कॅसची वाट बघायची. वाट लांबली की पैसे हलवता येत नाहीत, आणि स्टेटमेंट जुनं झालं की नवं काढायचं. व्हिसासाठी लागणारा क्षयरोगाच्या तपासणीचा दाखलाही सहा महिनेच चालतो. भारतातून केलेल्या अर्जावर निर्णय यायला साधारण तीन आठवडे धरावे लागतात आणि वर्ग भरतात सप्टेंबरात. आता या सगळ्याच्या मुळाशी काय आहे? तुमच्या संकेतस्थळावर लागणारा एक निकाल.

एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. तिचं नाव, तिचं विद्यापीठ काहीही सांगत नाही, कारण तक्रार एका ठिकाणाबद्दल नाही. वडील एस.टी.त वाहक. मुलगी पहिल्या वर्षापासून पहिल्या पाचात. 2025 च्या सप्टेंबरसाठी तिला ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला सशर्त प्रवेश मिळाला होता. बँकेने कर्ज मंजूर केलं. वडिलांनी ठेव मोडली, मामांनी हातभार लावला, रक्कम वडिलांच्या खात्यात जमा झाली. निकाल लागला आणि तिच्या नावापुढे आलं : निकाल राखीव. कारण? एका विषयाचे अंतर्गत गुण प्रणालीत दिसत नव्हते. महाविद्यालय म्हणालं, आम्ही भरलेत. विद्यापीठातून उत्तर आलं, आमच्याकडे आलेले नाहीत. महाविद्यालयाने पुन्हा पत्र दिलं. पत्राची आवक झाली, आवक क्रमांक मिळाला, टिपणी कुठल्याशा टेबलावर गेली. ज्यांच्या सहीने गुण चढणार होते ते अधिकारी दुसऱ्या परीक्षेच्या कामात होते. परदेशातल्या विद्यापीठाने कॅससाठी दिलेली शेवटची तारीख ऑगस्टच्या अखेरीस होती आणि ती निघून गेली. त्यानंतर काही दिवसांनी तिचा निकाल लागला. विशेष प्रावीण्यासह.

प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो, मग बिघडलं कुठे, असं मला विद्यापीठातल्याच एका गृहस्थांनी विचारलं. काय बिघडलं ते लिहूनच सांगते. नोव्हेंबर 2025 पासून ब्रिटनने खात्यात दाखवायची रक्कम वाढवली. लंडनबाहेर शिकणाऱ्यासाठी ती दरमहा 1,136 पौंडांवरून 1,171 पौंड झाली. नऊ महिन्यांचे 10,224 चे 10,539 पौंड झाले. ही वाढ एकवेळ सोसवेल. पण शिक्षण झाल्यावर नोकरीसाठी तिथे राहण्याची जी मुभा आहे ती 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधर आणि मास्टर्स विद्यार्थ्यांना दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचीच मिळणार आहे. सप्टेंबर 2025 ला गेलेल्या मुलीचं एक वर्षाचं शिक्षण 2026 मध्ये संपतं आणि ती वेळेत अर्ज करू शकते. सप्टेंबर 2026 ला जाणारी या तारखेच्या पलीकडे जाते. कर्जाचे हप्ते पौंडातल्या पगारातून फेडायचे, हा त्या कुटुंबाचा सगळा हिशोब. त्यातले सहा महिने एका विषयाच्या अंतर्गत गुणांनी खाल्ले. ज्या टेबलावर ती टिपणी पडून होती तिथल्या माणसाला याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. म्हणून तर हे पत्र.

निकाल किती दिवसांत लावायचा हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 म्हणतो की परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत तो लागलाच पाहिजे. पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2008 च्या विनियमांत 180 दिवसांची मर्यादा आहे. पण माझा मुद्दा 45 दिवसांच्या पुढचा आहे. 'निकाल जाहीर' अशी बातमी येते तेव्हा संकेतस्थळावर गुण दिसू लागतात. सही-शिक्क्याची मार्कशीट महाविद्यालयात यायला त्यापुढे किती दिवस लागावेत, ट्रान्सक्रिप्टला किती, राखीव निकाल मोकळा व्हायला किती, याबद्दल कोणी काही बोलत नाही. परदेशातलं विद्यापीठ मोबाइलवरच्या गुणांचा स्क्रीनशॉट धरत नाही. त्याच्या लेखी तुमची सही होईपर्यंत निकाल लागलेलाच नसतो.

2017 सालचा मुंबई विद्यापीठाचा उन्हाळा आपल्यापैकी कोणी विसरलेलं नसेल. उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा निर्णय ऐन परीक्षेच्या तोंडावर झाला, कुलपतींनी 31 जुलैपर्यंत सगळे निकाल लावा असं बजावलं, तरी कित्येक निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. त्या वर्षी परदेशी प्रवेश हातात असलेल्या मुलांचे झालेले हाल वर्तमानपत्रांत रोज येत होते. तेवढा गोंधळ पुन्हा झाला नाही, हे खरं. पण तेव्हा निदान सगळ्यांचा निकाल अडकला होता, म्हणून आरडाओरडा झाला. राखीव निकालाची मुलगी एकटी असते. तिच्यासाठी मोर्चा निघत नाही.

आता जर्मनीकडे येते, कारण आमच्याकडून सध्या सर्वांत जास्त मुलं तिकडे बघतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, त्यामुळे शेतकऱ्याचा, शिक्षकाचा, दुकानदाराचा मुलगाही धीर करतो. खर्च आहे तो राहण्याचा : व्हिसासाठी एका वर्षाचे 11,904 युरो 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये ठेवायचे आणि तिथे गेल्यावर त्यातून दरमहा 992 युरो काढायचे. पण त्याआधी येतं एपीएस. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी दिल्लीच्या एपीएस केंद्राचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. शुल्क 18,000 रुपये. हे केंद्र एकच बघतं : दहावीपासून पदवीपर्यंतची तुमची कागदपत्रं खरी आहेत का. चीनमधल्या विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत 2001 पासून आहे. आपल्याकडे ती उशिरा आली एवढंच. खोटी प्रमाणपत्रं करणाऱ्यांमुळे खऱ्या मुलांना ही पायरी चढावी लागते आहे, आणि ती चढताना त्यांना तुमचा आधार लागतो.

एक बारीकशी गोष्ट दाखवते. भारतीय गुणांचं जर्मन श्रेणीत रूपांतर करायला तिथे 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. सर्वोच्च शक्य गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्ण होण्याच्या किमान गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. तिथे 1 म्हणजे उत्तम आणि 4 म्हणजे जेमतेम पास. समजा मुलाचा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी श्रेणी, 10 पैकी 7.2 आहे. उत्तीर्णतेची किमान श्रेणी 4 धरली तर त्याची जर्मन श्रेणी येते 2.4. तीच किमान श्रेणी 5 धरली तर येते जवळजवळ 2.7. आणि कितीतरी अभ्यासक्रमांची अट असते 2.5 किंवा त्याहून चांगली. मुलगा तोच, गुण तेच. प्रवेश मिळायचा की नाही हे ठरवतो तो किमान श्रेणीचा एक आकडा. तो तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर कुठे छापलेला असतो? काही विद्यापीठांच्या मार्कशीटच्या मागे बारीक अक्षरात श्रेणींचा तक्ता असतो. काहींच्या मागे कोरा कागद असतो. काही ठिकाणी तक्ता आहे, पण सीजीपीए 4 ला पास की 5 ला, हे अध्यादेशाच्या दोन आवृत्त्यांत दोन तऱ्हांनी लिहिलेलं. मग मूल विद्यापीठाकडे स्वतंत्र पत्र मागतं, आणि तिथे त्याला विचारलं जातं, "असं पत्र आम्ही कशाला द्यायचं? आजवर कोणी मागितलं नाही." जर्मनीतल्या बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज बर्लिनच्या युनि-असिस्ट या संस्थेतून तपासून जातात आणि हिवाळी सत्रासाठी अनेक अभ्यासक्रमांची मुदत 15 जुलैला संपते. ते पत्र 16 जुलैला मिळालं तर त्या अर्जाला त्याचा उपयोग शून्य.

हे पत्र वेगळं देण्याची गरजच नाही. ट्रान्सक्रिप्टच्या तळाशी एक ओळ छापा : सर्वोच्च श्रेणी 10, उत्तीर्णतेसाठी किमान श्रेणी अमुक, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी, अभ्यासक्रमाचा कालावधी चार वर्षं. एका ओळीने चार वेगवेगळे दाखले वाचतील, आणि तुमच्या कर्मचाऱ्यांचंही काम तेवढं कमी होईल.

नावाचा घोळ हा तर आपल्या राज्याचा खास विषय. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि स्वतंत्र रकान्यात आईचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि बाकीचं वेगळ्या. हा फरक परदेशी अधिकाऱ्यांना आता बऱ्यापैकी समजतो. समजत नाही ती स्पेलिंगची चूक. दहावीच्या बोर्डाच्या कागदावर एक 'ए', विद्यापीठाच्या कागदावर दोन. वडिलांच्या नावापुढे 'राव' कुठे आहे, कुठे नाही. पहिल्या वर्षाला महाविद्यालयाच्या क्लार्कने टाइप केलेलं नाव चार वर्षं तसंच पुढे येतं आणि पासपोर्ट हातात घेऊन बसल्यावर दिसतं. दुरुस्ती मागितली की तुम्ही मूळ मार्कशीट जमा करून घेता. नियम म्हणून ते बरोबर असेल. पण मूळ मार्कशीट जमा आहे तोवर त्या मुलाने एपीएसचा अर्ज कसा करायचा? बँकेला काय दाखवायचं? दुरुस्त प्रत तयार झाल्यावरच जुनी घ्या, हातोहात बदलून द्या. किंवा तोवर सही-शिक्क्याचं एक पत्र द्या, की या विद्यार्थ्याच्या नावातली दुरुस्ती विद्यापीठाने मान्य केली आहे आणि नवी प्रत अमुक तारखेला दिली जाईल. तारीख असलेलं पत्र. "प्रक्रिया सुरू आहे" असं लिहिलेल्या पत्राने परदेशात काहीच काम होत नाही.

याहून मोठी अडचण मुलांना दिसतही नाही : पडताळणीचे ईमेल. 2023 मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची, त्यांत बहुतेक पंजाबची, प्रवेशपत्रंच बनावट निघाली. एजंटाने फसवलं आणि वर हद्दपारीची नोटीस मुलांना आली. त्यानंतर 1 डिसेंबर 2023 पासून कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्र संबंधित शिक्षणसंस्थेकडून थेट पडताळून घ्यायला सुरुवात केली. जगभर वारं याच दिशेला आहे : विद्यार्थ्याने दिलेल्या कागदावर विसंबायचं नाही, कागद देणाऱ्याला विचारायचं. म्हणजे उद्या तुमच्या पदवीबद्दल टोरांटोतून, बर्लिनमधून, मेलबर्नमधून विचारणा येणार, आणि येतेच आहे. ती कुठे जाते? संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावर गेली तर मेलबॉक्स भरलेला असतो. काही विभागांचा पत्ता अजूनही जीमेलचा आहे; परदेशातला पडताळणी अधिकारी त्या पत्त्यावरून आलेलं उत्तर अधिकृत धरायलाच तयार नसतो. बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या नावचा पत्ता तसाच राहिलेला असतो आणि त्यावर गेलेला मेल कोणीच वाचत नाही. मुलाला वाटतं, दूतावास वेळ लावतो आहे. खरं म्हणजे एक प्रश्न येऊन पडलेला असतो आणि त्याला उत्तर गेलेलं नसतं. अमेरिका आणि कॅनडासाठी ज्या संस्था पदव्यांचं मूल्यांकन करतात, त्याही ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट मागतात. विद्यार्थ्याने स्वतः पाठवलेली चालत नाही.

अंतराचंही बोलायला हवं. सिंधुदुर्गाच्या टोकाला असलेल्या दोडामार्गचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाचा असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ रायगड जिल्ह्यात लोणेऱ्याला आहे आणि त्याची संलग्न महाविद्यालयं पार मराठवाड्यापर्यंत आहेत. सिरोंच्याहून गडचिरोलीच्या विद्यापीठात यायचं म्हणजे सबंध दिवस जातो. अशा ठिकाणाहून मूल येतं, खिडकीवर कळतं की चलन या बँकेत नाही, त्या बँकेत भरायचं. किंवा साहेब आज मीटिंगला आहेत. किंवा महाविद्यालयाच्या प्राचार्यांची सही शिक्क्याच्या बाहेर गेली आहे, परत आणा. ही कामं ऑनलाइन झाली आहेत असं तुम्ही म्हणाल आणि बऱ्याच ठिकाणी अर्ज खरोखरच ऑनलाइन झाला आहे. पण अर्ज ऑनलाइन आणि पाठपुरावा फलाटावर रात्र काढून, अशी अवस्था आहे. म्हणूनच विद्यापीठांच्या आसपास आणि इंटरनेटवर 'ट्रान्सक्रिप्ट काढून देतो' म्हणणाऱ्यांची दुकानं उभी राहिली. तुमच्या शुल्काच्या कितीतरी पट पैसे घेऊन ते तोच कागद आणून देतात. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचं काम होतं. वाहकाच्या मुलीने काय करायचं?

तुमच्या बाजूचंही मला दिसतं. परीक्षा विभागात कित्येक पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत आणि कंत्राटी मुलांच्या जिवावर काम ओढलं जातं. जून-जुलैत एका टेबलावर पुनर्मूल्यांकन, एटीकेटी, प्रवेश, माहिती अधिकार आणि विधिमंडळाचे प्रश्न एकाच वेळी येऊन पडतात. कॅप सेंटरवर उत्तरपत्रिका तपासायला प्राध्यापक वेळेवर येत नाहीत, ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि तिचं उत्तर आमच्या बाजूने द्यायला हवं. खिडकीमागची माणसं दुष्ट नाहीत. जेवणाची सुट्टी सोडून मुलाचा कागद शोधून देणारे बाबू मी पाहिले आहेत, आणि सही घेण्यासाठी स्वतः चार मजले चढणाऱ्या एक मॅडम पाहिल्या आहेत. पण काम माणसाच्या भलेपणावर अवलंबून असेल तर ते ज्याला बोलता येतं त्याचंच होतं. खेड्यातून आलेलं, लाजरं मूल "उद्या या" ऐकून परत जातं.

म्हणून माझी मागणी नवीन इमारतीची किंवा नव्या सॉफ्टवेअरची नाही. अंतिम वर्षाच्या उत्तरपत्रिका आधी तपासा. जे मूल परदेशी प्रवेशाचं पत्र जोडेल त्याचा राखीव निकाल वेगळ्या नोंदवहीत घ्या आणि आठवड्याच्या आत मोकळा करा, किंवा का होत नाही ते लेखी कळवा. गोपनीय निकाल सीलबंद करून थेट दुसऱ्या संस्थेला पाठवण्याची पद्धत काही विद्यापीठांत पूर्वीपासून आहे. ती परदेशी विद्यापीठांसाठी ईमेलवर, अधिकृत पत्त्यावरून, सर्रास सुरू करा. पडताळणीसाठी पदनामाचा एक पत्ता ठेवा, विद्यापीठाच्या स्वतःच्या डोमेनवरचा, आणि तो रोज उघडणाऱ्या माणसाचं पद संकेतस्थळावर लिहा. माणूस बदलला तरी पत्ता बदलू नये.

आणि मुदत लिहा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. अधिसूचित सेवेला मुदत, तिला जबाबदार असलेला अधिकारी, त्याच्यावर अपील, आणि विनाकारण उशीर झाला तर 500 ते 5,000 रुपये दंड, अशी सगळी तरतूद त्यात आहे. आपल्या विद्यापीठाच्या अधिसूचित सेवांची यादी एकदा काढून बघा. तिच्यात ट्रान्सक्रिप्ट आहे का? प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आहे का? नाव दुरुस्ती, राखीव निकाल, परदेशातून आलेली पडताळणी आहे का? नसेल तर व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवा. असेल तर तो फलक खिडकीशेजारी लावा, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात. दंड व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही. मुलाला तारीख कळावी, एवढंच. तारीख कळली की तो बँकेला सांगू शकतो, परदेशातल्या विद्यापीठाकडे मुदतवाढ मागू शकतो, तिकीट कधीचं काढायचं ते ठरवू शकतो.

महाविद्यालयांनीही यात उतरायला हवं, कारण अंतर्गत गुण आम्हीच भरतो. गुण भरल्याची पोच विद्यार्थ्याला दिसली पाहिजे. प्रत्येक विषयाचे अंतर्गत गुण प्रणालीत चढले की नाहीत हे त्याला परीक्षेआधीच स्वतःच्या लॉगिनमधून बघता आलं, तर राखीव निकालांचे कितीतरी प्रसंग मुळातच टळतील. हे लॉगिन बहुतेक विद्यापीठांकडे आहे. त्यात फक्त एक पान उघडायचं आहे.

उन्हाळी परीक्षांची वेळापत्रकं आखली जातात तेव्हा आपल्यासमोर दिवाळीची सुट्टी असते, निवडणुकांची शक्यता असते, पुढच्या सत्राची तारीख असते. त्या कागदावर आणखी दोन तारखा लिहून ठेवा, अशी विनंती आहे : 15 जुलै आणि 31 ऑगस्ट. आमच्या महाविद्यालयाच्या बाजूने ट्रान्सक्रिप्टचा नमुना, श्रेणीची ती ओळ आणि पडताळणीच्या उत्तराचा इंग्रजी मसुदा तयार करून देण्याची माझी तयारी आहे. परीक्षा विभागात येऊन कर्मचाऱ्यांबरोबर बसायचीही आहे, सुट्टीच्या दिवशी बोलावलंत तरी येईन. ती वाहकाची मुलगी सध्या एका खाजगी कंपनीत काम करते आहे. सप्टेंबर 2026 साठी तिने पुन्हा सगळी कागदपत्रं लावली आहेत. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज तुमच्याकडे आलेला आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका